महामारी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कापसाची पुरवठा साखळी : १९१८ व २०२० या दोन प्रसंगांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

महामारीचा इतिहास हा प्रामुख्याने रोगाचा, मृत्यूचा आणि शासकीय उपाययोजनांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. परंतु साथीच्या काळात माणसांइतकाच मालाचाही प्रवास थांबतो. शेतातून घरात, घरातून बाजारात, बाजारातून कारखान्यात आणि तेथून दूरच्या बंदरात जाणारा माल ज्या ठिकाणी अडतो, त्या ठिकाणी त्या समाजाच्या अर्थव्यवस्थेतील दुबळा दुवा उघडा पडतो. या दृष्टीने यवतमाळ जिल्हा हा अभ्यासाचा महत्त्वाचा विषय ठरतो. कापूस हे या जिल्ह्याचे दीडशे वर्षांहून अधिक काळाचे प्रमुख नगदी पीक असून त्याची किंमत जिल्ह्याबाहेर, बहुधा देशाबाहेरच्या घडामोडींवर ठरत आलेली आहे.

या जिल्ह्याने शंभर वर्षांच्या अंतराने दोन जागतिक महामाऱ्या अनुभवल्या. पहिली १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जी महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत ‘मानमोडी’ या नावाने राहिली. आणि दुसरी २०२० ची कोविड-१९ ची साथ. दोन्ही वेळी कापसाची साखळी तुटली, मात्र ती निरनिराळ्या जागी तुटली. तरीही तुटीचा भार दोन्ही वेळी एकाच घटकावर येऊन पडला, हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या पुरवठा साखळीची ऐतिहासिक जडणघडण समजून घेणे. (२) १९१८ व २०२० या वर्षांत ही साखळी कोठे व का खंडित झाली याचा शोध घेणे. (३) दोन्ही प्रसंगांच्या तुलनेतून भावी काळासाठी उपयुक्त निष्कर्ष काढणे. यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन जनगणनेचे आकडे, कायदे, शासकीय आदेश व आर्थिक इतिहासविषयक प्रकाशित ग्रंथ यांवर आधारलेले आहे.

साखळीची जडणघडण

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व प्राप्त झाले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. १९०५ च्या पुनर्रचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. मुख्य लोहमार्ग जिल्ह्याच्या बाहेरून गेल्यामुळे येथील कापूस बैलबंडीने धामणगावसारख्या स्थानकावर न्यावा लागे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या पुढाकाराने यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंदमापी मार्ग उभा राहिला. दारव्हा व कारंजा या कापसाच्या बाजारपेठांतून जाणारी सुमारे ११३ किलोमीटर लांबीची ही रेल्वे ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झाली. ती आता बंद आहे.

या साखळीची तीन वैशिष्ट्ये येथे नोंदविणे आवश्यक आहे. पहिले म्हणजे तिची दिशा. बंडीरस्ता, जिन, प्रेस व लोहमार्ग ही सर्व व्यवस्था माल बाहेर नेण्यासाठी उभारलेली होती. माल गावात टिकवून ठेवण्यासाठी नव्हे. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तिचे मनुष्यबळावरील अवलंबित्व. कापसाची वेचणी हाताने होत असे व आजही बहुतांशी हातानेच होते. मूर्तिजापूरला अरुंदमापी मार्ग संपून रुंदमापी मार्ग सुरू होत असल्याने तेथेही माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. तिसरे वैशिष्ट्य म्हणजे दूरच्या ग्राहकावरील भिस्त. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाई, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. परंतु पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भारतातील आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे ग्राहक जपान व मुंबईच्या गिरण्या हे होते. म्हणजे ग्राहक बदलला, तरी साखळीचे स्वरूप बदलले नाही.

बाजाराच्या नियमनातही वऱ्हाड आघाडीवर होता. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. देशातील कृषी बाजार नियमनाचा आरंभ येथेच झाला. मात्र हे नियमन बाजाराच्या आवारापुरते होते. आवारात पोहोचेपर्यंत शेतकऱ्याचे काय होते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

१९१८ : वेचणीच्या वेळी आलेली साथ

जून १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची पहिली लाट मुंबईत दिसून आली. ती तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये सुरू झालेली दुसरी लाट मात्र अत्यंत घातक ठरली. ती लोहमार्गांच्या आधारे देशाच्या अंतर्भागात पसरली आणि ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात तिने कळस गाठला. देशातील सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांत या प्रांताची गणना होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील एकूण मृत्यूंचे अंदाज भिन्न आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोकसंख्याशास्त्रीय अभ्यासात ते सुमारे १ कोटी ३८ लाख मानले आहेत, तर त्यापूर्वीच्या काही अभ्यासकांचे अंदाज याहून जास्त आहेत. आजच्या भारताच्या भूप्रदेशाची लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती, ती १९२१ मध्ये २५.१३ कोटींवर आली. जनगणनेच्या इतिहासात घट नोंदविणारे हे एकमेव दशक होय.

साखळीच्या दृष्टीने दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिली, साथीचा काळ. ऑक्टोबर–नोव्हेंबर हा वऱ्हाडात कपाशीची बोंडे फुटण्याचा, पहिल्या वेचणीचा आणि रब्बीच्या पेरणीचा काळ असतो. वर्षातील ज्या आठवड्यांत शेताला हातांची सर्वाधिक गरज असते, त्याच आठवड्यांत घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. दुसरी गोष्ट म्हणजे रोगाचा रोख. ही साथ साधारणतः २० ते ४० या वयोगटातील धडधाकट माणसांना अधिक घातक ठरली आणि भारतात स्त्रियांमधील मृत्युदर पुरुषांपेक्षा जास्त होता. कापसाची वेचणी हे तर मुख्यतः स्त्रियांचे काम. म्हणजे ज्या हातांवर साखळीचा पहिला दुवा उभा होता, त्याच हातांवर घाला पडला. फुटलेला कापूस झाडावर फार काळ राहिला तर तो गळतो, मातीत मिसळतो आणि त्याची प्रत उतरते. त्यामुळे वेचणीचा विलंब म्हणजे केवळ विलंब नव्हे, तर नुकसान होते.

यात अवर्षणाची भर पडली. १९१८ चा मोसमी पाऊस देशभरात सरासरीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी झाला. खरिपाची ज्वारी बुडाली, चाऱ्याची टंचाई झाली आणि धान्याचे भाव चढले. महायुद्धामुळे जहाजे व रेल्वेचे डबे युद्धकार्यात गुंतलेले होते. आपल्या शेतीत कापसाला मोठा वाटा देणाऱ्या जिल्ह्यात धान्याच्या तुटीची झळ अधिक बसणे स्वाभाविक होते. कारण कापूस विकल्याशिवाय धान्य घेता येत नव्हते आणि वेचल्याशिवाय कापूस विकता येत नव्हता.

कापडाची स्थिती याहून बोलकी आहे. युद्धकाळात कापडाचे भाव इतके वाढले की सरकारला १९१८ मध्ये कापडविषयक कायदा करून सामान्य लोकांसाठी स्वस्त प्रमाणित कापड काढण्याची तरतूद करावी लागली. जो प्रदेश गिरण्यांना कापूस पुरवीत होता, त्याच प्रदेशातील गरिबाला थंडीच्या तोंडावर, तापाच्या साथीत, अंगावर घ्यायला कापड परवडत नव्हते. कच्चा माल पाठवणारी साखळी पक्का माल परत आणण्यास बांधील नसते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

श्रमशक्तीच्या हानीविषयीचा वाद

१९१८ च्या साथीला आर्थिक विचारांच्या इतिहासात एक वेगळे स्थान आहे. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पारंपरिक शेतीविषयक ग्रंथात या साथीचा उपयोग एका सिद्धान्ताच्या कसोटीसाठी केला. भारतीय शेतीत इतके अतिरिक्त मनुष्यबळ आहे की काही माणसे कमी झाली तरी उत्पादन घटणार नाही, असे त्या काळी मानले जात होते. शुल्ट्झ यांनी असे मांडले की, साथीमुळे शेतीतील श्रमशक्ती सुमारे ८ टक्क्यांनी घटली आणि १९१६-१७ च्या तुलनेत १९१९-२० मध्ये पेरणीखालील क्षेत्र ३.८ टक्क्यांनी कमी झाले; म्हणून अतिरिक्त श्रमाची कल्पना टिकत नाही. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या कसोटीच्या सांख्यिकीय आधारावर आक्षेप घेतला.

या वादाचा निकाल काहीही लागो, वऱ्हाडच्या संदर्भात त्यात एक उणीव जाणवते. वार्षिक पेरणीक्षेत्र हे हंगामी शेतीतील श्रमाचे पुरेसे मोजमाप नव्हे. उन्हाळ्यात रिकामा असणारा मजूर कार्तिकात अतिरिक्त नसतो. पेरलेल्या शेताची नोंद कागदावर होते. न वेचलेल्या कापसाची होत नाही. त्यामुळे साथीचा खरा घाव वर्षाच्या सरासरीत नव्हे, तर वेचणीच्या त्या सहा-आठ आठवड्यांत शोधला पाहिजे.

१९१८ नंतरच्या सुधारणा

साथ व युद्ध ओसरल्यानंतर कापसाच्या क्षेत्रात महत्त्वाच्या संस्थात्मक सुधारणा झाल्या. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने हलक्या कापसाची भेसळ रोखण्यासाठी वाहतुकीवर नियंत्रण आणले. १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने गाठींवर खूण करणे बंधनकारक केले. या सुधारणांचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांचा रोख पाहिला तर त्या ग्राहकाच्या, म्हणजे गिरणीमालक व निर्यातदाराच्या अडचणी सोडवीत होत्या. आपत्तीत शेतकऱ्याने माल कोठे ठेवावा, कोणाच्या पतीवर काही महिने थांबावे आणि मजुराने काम बंद असताना काय खावे, या प्रश्नांना त्यांत स्थान नव्हते. साखळीची शुद्धता वाढली. तिची सहनशक्ती वाढली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात परिस्थिती काही प्रमाणात बदलली. १९७१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. चुकाऱ्यांना होणारा विलंब व योजनेचा तोटा यांवर पुष्कळ टीका झाली, तरी हमखास ग्राहक हा या योजनेने साखळीत आणलेला नवा घटक होता. २००२ नंतर एकाधिकार संपुष्टात आला आणि हमीभावाची खरेदी प्रामुख्याने भारतीय कापूस निगम, म्हणजे सीसीआय, आणि तिच्या वतीने काम करणारा पणन महासंघ यांच्याकडे राहिली.

२०२० : घरात अडकलेला कापूस

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा वेचणी जवळजवळ संपली होती. हात शिल्लक होते, मालही शिल्लक होता. दार मात्र बंद होते. भाव वाढेल या आशेने किंवा खरेदी केंद्रावर क्रमांक लागला नाही म्हणून अनेक शेतकऱ्यांच्या घरात कापूस पडून होता. केंद्र शासनाने २७ मार्चच्या सुधारित आदेशात शेतीची कामे, बाजार समित्या व हमीभावाची खरेदी यांना सूट दिली. परंतु साखळीतील एका दुव्याला सूट मिळाल्याने साखळी चालत नाही. खरेदी केंद्राला जिन लागते, जिनला कामगार लागतात, सरकीला तेलगिरणी लागते आणि गाठीला सूतगिरणी लागते. परप्रांतीय कामगार गावाकडे निघाले होते व गिरण्या बंद होत्या. जिनच्या आवारात जागाच नसेल, तर ग्रेडरने कापूस घ्यायचा तरी कोठे?

या साखळीचे दुसरे टोक देशाबाहेर होते. मार्च–एप्रिल २०२० मध्ये युरोप व अमेरिकेतील कंपन्यांनी बांगलादेशातील तयार कपड्यांच्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या मागण्या रद्द केल्या वा थांबविल्या. भारतीय कापूस व सुताचा बांगलादेश हा मोठा ग्राहक आहे. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापसाचा भाव एका पौंडाला सुमारे ५० सेंटपर्यंत उतरला. दुकानांना लागलेल्या कुलपांचा परिणाम अशा रीतीने काही दिवसांतच राळेगाव, मारेगाव वा घाटंजीच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचला.

एप्रिलच्या उत्तरार्धात खरेदी टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाली. नोंदणी, टोकन आणि दररोज मोजक्याच गाड्या अशी तिची पद्धत होती. २०१९-२० साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये व मध्यम धाग्याचा ५,२५५ रुपये होता. खासगी व खेडा खरेदीतील भाव त्याच्या बरेच खाली होते. त्या हंगामात सीसीआयने देशभरात सुमारे १०५ लाख गाठी खरेदी केल्या. ही खरेदी झाली नसती तर शेतकऱ्यांची स्थिती कितीतरी बिकट झाली असती, हे मान्य केले पाहिजे. १९१८ मध्ये असा कोणताही आधार नव्हता.

तथापि हा आधार सर्वांना सारखा मिळाला नाही. नोंदणीसाठी सातबारा व त्यावरील पीकपेरा लागतो; मक्त्याने वा बटईने शेती करणाऱ्याच्या नावे तो नसतो. ज्याच्याकडे घरात जागा होती आणि खरिपाच्या बियाण्यासाठी पैसा होता, तो टोकनची वाट पाहू शकला. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नव्हते, त्याने जून तोंडावर आल्यावर मिळेल त्या भावाने माल दिला. उन्हाळ्यात घरात साठविलेल्या कापसामुळे अंगाला खाज सुटणे, आगीची भीती, पावसात भिजण्याची धास्ती हे सारे त्या कुटुंबांनी सोसले. जिन बंद असल्याने सरकी व ढेपेची आवकही खुंटते आणि त्याची झळ दुभत्या जनावरांपर्यंत जाते, हाही या साखळीचा एक दुर्लक्षित पैलू आहे.

श्रमिकांची परवड याच काळात जिल्ह्याने जवळून पाहिली. नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. तेलंगणातून उत्तरेकडे निघालेले मजूर या मार्गाने चालत गेले. १९ मे २०२० रोजी सोलापूरहून मजुरांना घेऊन नागपूरकडे जाणाऱ्या एस.टी. बसला आर्णी तालुक्यात अपघात झाला व चार जणांना प्राण गमवावे लागले. साखळी म्हणजे केवळ माल नव्हे, ती वाहून नेणारी माणसेही आहेत, याचे हे विदारक स्मरण होते.

तुलनात्मक विवेचन

दोन्ही प्रसंगांतील भेद स्पष्ट आहे. १९१८ मध्ये रोगाने माणसे नेली आणि साखळी शेतातच तुटली. २०२० मध्ये रोग रोखण्यासाठी केलेल्या बंदोबस्ताने साखळी जिनच्या फाटकाशी तुटली. पहिल्या प्रसंगी राज्यसंस्था जवळपास अनुपस्थित होती. दुसऱ्या प्रसंगी तिनेच दार बंद केले आणि तिनेच ते काही अंशी उघडले.

साम्य मात्र अधिक महत्त्वाचे आहे. कोणत्याही साखळीत कोठेतरी साठा करावा लागतो आणि साठा करणाऱ्याला जागा, पैसा व वेळ यांची किंमत मोजावी लागते. सुरळीत काळात ही किंमत व्यापारी, जिनमालक व गिरणी वाटून घेतात. संकटकाळात ते खरेदी थांबवतात आणि ती किंमत मागे सरकत सरकत शेतकऱ्याच्या घरात येऊन थांबते. त्या वेळी शेतकऱ्याचे घर हेच साखळीचे गोदाम बनते. फरक एवढाच की या गोदामाला भाडे मिळत नाही, विमा नसतो आणि त्यावर कर्जही मिळत नाही. ज्याची थांबण्याची शक्ती सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त थांबावे लागते. या विसंगतीत साखळीचा दुबळेपणा आहे. २०२२ च्या आरंभी विदर्भात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेला. मंदी व तेजी यांतील हे अंतर दोन वर्षांहून कमी होते. परंतु जो शेतकरी दोन महिनेही थांबू शकत नाही, त्याच्या दृष्टीने त्या तेजीचा मागच्या पिकाशी काही संबंध नव्हता.

भावी काळासाठी बोध

वरील विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात.

पहिला मुद्दा साठवण व तारण कर्जाचा. राज्यात कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे आणि २००७ च्या वखार कायद्याने गोदाम पावतीला कायदेशीर आधार दिला आहे. परंतु तारण योजनेचा भर कडधान्ये, तेलबिया व धान्यांवर राहिला. कापूस जागा व्यापतो आणि ज्वालाग्राही आहे, ही अडचण खरी आहे. तो जिनमध्ये आणून रुई व सरकी वेगळी करून, गाठींच्या रूपात शेतकरी गटाच्या नावे ठेवला तर ही अडचण पुष्कळ कमी होते. १७० किलोच्या एका गाठीसाठी साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. लहान शेतकऱ्यांच्या गटाला हे प्रमाण अशक्य नाही.

दुसरा मुद्दा स्थानिक प्रक्रियेचा. जिल्ह्यात पिकलेला बराचसा कापूस गाठींच्या रूपाने बाहेर जातो. सहकारी सूतगिरण्यांचा अनुभव संमिश्र असला, तरी जवळचा ग्राहक हा संकटकाळातील मोठा आधार असतो.

तिसरा मुद्दा श्रमाचा. वेचणी करणारी स्त्री व जिनमधील हंगामी कामगार यांची नोंद, आरोग्य व निर्वाह यांची व्यवस्था हा साखळीच्या सुरक्षिततेचा भाग मानला पाहिजे. १९१८ चा हा सर्वांत थेट धडा आहे.

चौथा मुद्दा आदेशांचा. आपत्तीत सूट द्यावयाची तर ती सुट्या दुव्यांना न देता शेतापासून सूतगिरणीपर्यंतच्या संपूर्ण साखळीला द्यावी लागते. आणि खरेदीच्या नोंदणीत मक्तेदार व बटाईदार यांना स्थान मिळाले पाहिजे.

निष्कर्ष

यवतमाळ जिल्ह्याच्या कापसाची साखळी माल वेगाने बाहेर नेण्यासाठी उभी राहिली, संकटात थांबण्यासाठी नव्हे. १९१८ नंतर तिच्यात सुधारणा झाल्या, त्या ग्राहकाच्या सोयीच्या होत्या. २०२० मध्ये शासकीय खरेदीने मोठा आधार दिला, पण तो थांबू शकणाऱ्यांनाच अधिक मिळाला. म्हणून साखळीची लवचिकता मोजताना गाठी किती दिवसांत बंदरावर पोहोचल्या हे पाहणे पुरेसे नाही. तीन एकर कोरडवाहूचा धनी, मक्त्याने शेती करणारा आणि वेचणीला जाणारी मजूर स्त्री हे बाजार बंद असताना किती दिवस तग धरू शकतात, हे तिचे खरे माप होय. या मापाने पाहिल्यास शंभर वर्षांत अंतर कापले गेले आहे. पण ते पुरेसे नाही.